भिंत कुणाची, चित्र कुणाचं?



चित्रकला हा आपला प्रश्न नाही, असं आपल्यातलेच पुष्कळजण मला म्हणतात. ॲट्रॉसिटीच्या केसेस पडून आहेत, शिष्यवृत्त्या थकल्यात, कंत्राटी कामगाराला वाली नाही, आणि तू हे रंगाचं काय लावलंयस? प्रश्न रास्त आहे. म्हणून उत्तरही नीट देतो.

मी भिवंडीच्या बाजूला एका गिरणीत पाळीवर आहे. कविता लिहितो. चित्रकलेच्या शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं, तिथं बसून जे वाचलं आणि सुट्टीच्या दिवशी लोकलनं जाऊन जे पाहिलं, तेवढीच माझी विद्या. पंडिती मला जमायची नाही. पण कापडाचे मीटर मोजायची सवय आहे, त्यामुळं हिशेब जमतो.

हिशेब असा. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात मकबूल फिदा हुसेन यांचं 'ग्राम यात्रा' हे १९५४ सालचं चित्र सुमारे १ कोटी ३७ लाख डॉलरला गेलं. म्हणजे ११८ कोटी रुपयांच्या आसपास. त्या चित्रात काय आहे? खेड्यातल्या जगण्याची तेरा दृश्यं आहेत. कितीतरी वर्षं हे चित्र नॉर्वेतल्या ओस्लोच्या एका इस्पितळात भिंतीवर टांगलेलं होतं. आणि रंगवणारा कोण? पंढरपुरात जन्मलेला, मुंबईच्या रस्त्यावर सिनेमाचे बोर्ड रंगवून पोट भरलेला माणूस.

चित्रात कष्टकरी. रंगवणाराही हातावर पोट असलेला. मग ते चित्र कष्टकऱ्याच्या नजरेपासून इतकं लांब गेलं कसं? आज आशियात कलेचा बाजार वाढतोय, हाँगकाँग, सिंगापूर, दिल्ली, कोची, मुंबई सगळीकडं जत्रा भरताहेत. त्या जत्रेत आपण कोण, हे समजायचं तर मागं जावं लागतं. बरंच मागं.

१.

सुरुवात आपल्या कल्याणपासूनच करतो. बोरिवलीच्या जंगलात कान्हेरीची लेणी आहेत. आपण तिथं वंदनेला जातो. तिथल्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावं कोरलीत. त्यात कल्याणचे लोक बरेच आहेत, कारण कल्याण त्या काळी मोठं व्यापारी बंदर. व्यापारी आहेत हे खरं, पण एक लोहार आहे. नंद त्याचं नाव. त्यानं लेण्याला वाट करून दिली. एक सोनार आहे, सामिदत. त्यानं पाण्याची पोढी दिली. सुमारे १८०० वर्षांपूर्वीची ही गोष्ट.

मनूच्या पुस्तकात लोहाराची जागा कुठं, हे तुम्हाला सांगायला नको. संघाच्या दगडावर मात्र त्याचं नाव शेटजीच्या नावाइतकंच ठळक आलं. घाम गाळणाऱ्याचं नाव भिंतीवर लागू शकतं, याचा पुरावा आपल्या गावाकडनं गेलेल्या माणसाचा आहे. पुढं ही रीत मोडली. मूर्ती घडवणारा, भिंत रंगवणारा बलुतेदार झाला. नाव राहिलं ते बांधवून घेणाऱ्याचं. 'हे कुणी केलं' असं विचारलं की राजाचं नाव सांगतात, छिन्नी धरणाऱ्याचं नाही.

२.

इंग्रजी आमदानीत १८५७ साली मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट उघडलं. जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून. कारागिरांना शिकवावं हा त्यामागचा एक हेतू होता. याच शाळेच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या. त्यातल्या बऱ्याच लंडनला गेल्या आणि तिथल्या आगीत जळाल्या. बुद्धाची चित्रं विलायतेत जळली आणि इथं अजिंठ्याच्या पायथ्याच्या गावातल्या माणसाला त्यातलं काही कळलंही नाही.

पण आपल्या घरापर्यंत चित्र आलं ते जे. जे.मधनं नव्हे. ते छापखान्यातनं आलं. राजा रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत शिळाछाप कारखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघर गेल्या. गंमत बघा. ज्याला देवळाच्या पायरीवर उभं करत नव्हते, त्याच्याही झोपडीत चार आण्याचा देव खिळ्यावर लटकला. १९३० साली काळाराम मंदिराच्या दारात आपल्या माणसांनी लाठ्या खाल्ल्या, तेव्हा त्यांच्या घरातल्या भिंतीवर बहुतेक तोच राम कागदावर असणार.

मग १४ ऑक्टोबर १९५६. नागपूर. बावीस प्रतिज्ञा. माझी आजी सांगायची की दीक्षेच्या बातमीनंतर वस्तीतल्या घराघरातनं तसबिरी उतरल्या. टोपल्यात भरून नदीला सोडल्या. खिळे मात्र भिंतीतच राहिले. काही दिवस नुसते खिळे.

कलेच्या इतिहासाची जी पुस्तकं मी वाचली, त्यात ह्या रिकाम्या खिळ्याबद्दल एक ओळ नाही. लाखो माणसांनी आपल्या डोळ्यांसमोरचं चित्र स्वतःच्या हातानं, जवळजवळ एकाच वेळी उतरवलं. जगाच्या इतिहासात अशी घटना किती वेळा झाली असेल? युरोपात दहा-पंधरा चित्रकारांनी रंग लावायची पद्धत बदलली तर त्याला क्रांती म्हणतात. आपल्या आज्या-पणज्यांनी अख्खी भिंत बदलली, तिला काय म्हणायचं?

खिळा रिकामा राहिला नाही. त्यावर बुद्ध आला, निळ्या सुटातले बाबासाहेब आले. ह्या प्रतिमा कुणी केल्या? संसदेच्या आवारातला बाबासाहेबांचा पुतळा ब्रह्मेश वाघ यांनी घडवला, २ एप्रिल १९६७ ला त्याचं अनावरण झालं, एवढं नोंदलेलं आहे. पण बोट उंचावलेले, हातात संविधान धरलेले हजारो पुतळे गावोगाव उभे राहिले, ते घडवणारे हात बिननावाचे. विहारांच्या भिंतीवर धम्मचक्र रंगवणारा पेंटर बिननावाचा. जयंतीचे कापडी बोर्ड रात्र रात्र बसून रंगवणारी पोरं बिननावाची. पुढं फ्लेक्स आला आणि ते पेंटर बसले. डोंबिवलीत आमच्या ओळखीचा एकजण होता, अक्षर असं की मोत्याचा दाणा. आता तो रिक्षा चालवतो. कान्हेरीच्या लोहाराला १८०० वर्षांनीही नाव आहे. ह्याचं नाव २० वर्षांत पुसलं.

३.

आता प्रस्थापितांच्या इतिहासाकडं येऊ, तोही माहीत पाहिजे.

१९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप निघाला. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे हे सहाजण. फ्रान्सिस न्यूटन सूझा गोव्याचा, १९४५ मध्ये जे. जे.तनं काढून टाकलेला, त्या वेळी कम्युनिस्ट पक्षात. कृष्णाजी हौळाजी आरा तर सिकंदराबादजवळच्या बोलारमहून लहानपणी पळून मुंबईला आलेला. लोकांच्या मोटारी पुसल्या, साहेबाच्या घरी नोकर राहिला, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेला. असा माणूस चित्रकार झाला, ही साधी गोष्ट नाही. ग्रुपची सुरुवातीची भाषाही कला लोकांपर्यंत न्यायची होती.

पण १९४९ च्या जुलैत ग्रुपचं प्रदर्शन भरलं तेव्हा सूझानंच कॅटलॉगात लिहिलं. त्याचा मथितार्थ असा, की लोक आणि कलावंत यांच्यातली दरी बुजत नाही, तेव्हा लोकांपर्यंत कला नेण्याचा विचार आम्ही सोडलाय. दोन वर्षांत हात टेकले!

मी सूझाला नुसत्या शिव्या घालणार नाही. कारणं बघू या. चित्र टांगायला जागा कुठली? फोर्टातली. विकत घेणारे कोण? युरोपातनं आलेले दोन-चार रसिक, पारशी घराणी, थोडे मोठे अधिकारी. पुढं होमी भाभांनी टाटा इन्स्टिट्यूटसाठी चित्रं घेतली, १९५२ साली सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतनं जहांगीर आर्ट गॅलरी झाली. सगळं मुंबईच्या दक्षिण टोकाला. परळ-लालबागला लाखो कामगार राहत होते, पण तिथं चित्राची एक भिंत नव्हती. नाटकाला, शाहिरीला तिथं मंडप होता. अण्णा भाऊ साठे, अमर शेख गिरणीच्या दारात उभे राहून गायले. चित्राला असा मंडप मिळाला नाही. दरी बुजत नाही असं सूझा म्हणाला, पण ती बुजवायला घमेलंभर माती किती जणांनी टाकली?

४.

दरी बुजते. आशियातच त्याचे दाखले आहेत.

१९३१ च्या ऑगस्टमध्ये शांघायला लेखक लू शुन यांनी तेरा तरुण चित्रकारांसाठी सहा दिवसांचा वर्ग भरवला. विषय लाकडावर कोरून छापायचा. शिकवणारा जपानी, आणि लू शुन स्वतः दुभाषी. पुढच्याच महिन्यात जपानी फौजा मांचुरियात घुसल्या. त्या सहा दिवसांतनं चीनभर ठशांची चळवळ पसरली. कारण साधं. लाकडाची फळी, चाकू, शाई नि कागद. तैलरंग नको, कॅनव्हास नको, शेटजी नको. एका ठशातनं शेकडो चित्रं.

तीच वाट चित्तप्रसाद यांची. बंगालचा माणूस. १९४३ च्या दुष्काळात पायी हिंडून त्यांनी उपाशी माणसं रेखाटली, त्या पुस्तकाच्या प्रती इंग्रज सरकारनं जाळल्या. १९४६ पासून ते मुंबईत, अंधेरीला एका खोलीत राहिले. लिनोवर कोरून शेतकरी, कामगार, बालमजूर छापत राहिले. बाजाराच्या वाऱ्याला उभे राहिले नाहीत. १९७८ साली गेले तेव्हा पदरी काही नव्हतं. आज त्यांच्या एकेका छापाला बाजार मोठी किंमत लावतोय. मेल्यावर.

तिसरा दाखला कोरियातल्या ग्वांगजूचा. मे १९८० मध्ये तिथं लष्करी राजवटीविरुद्ध विद्यार्थी-कामगार उठले, लष्करानं गोळ्या घातल्या. होंग संग-दाम हा चित्रकार त्या उठावातला. वर्तमानपत्रांची तोंडं बंद होती, तेव्हा त्यानं नि त्याच्या सोबत्यांनी लाकडी ठशांनी ती कहाणी छापून ठेवली. पुढं तो तुरुंगातही गेला. १९९५ साली त्याच ग्वांगजूत उठावाच्या स्मृतीला जोडून मोठं आंतरराष्ट्रीय द्वैवार्षिक कला प्रदर्शन सुरू झालं. जगभरचे कलावंत येऊ लागले. आणि २०१४ मध्ये? त्याच होंग संग-दामनं राष्ट्राध्यक्षांची खिल्ली उडवणारं चित्र केलं, तर ते प्रदर्शनात लावू दिलं नाही!

उठावाच्या नावानं मांडव पडतो आणि उठाव करणारा मांडवाबाहेर. हे वाचताना मला आपल्याकडची सरकारी जयंती आठवली. तुम्हालाही आठवेल.

५.

आता ठाण्याकडं. ठाण्यात सुधीर पटवर्धन नावाचे चित्रकार आहेत. जन्म पुण्याचा, १९४९ चा. पेशानं डॉक्टर, क्ष-किरणतज्ज्ञ. १९७५ ते २००५ त्यांनी ठाण्यात हा व्यवसाय केला आणि उरलेल्या वेळात रंगवलं. काय रंगवलं? आपली लोकल, रेल्वेचा पूल, नाला, इराण्याचं हॉटेल, पोखरण रोड, उल्हासनगर. १९८१ साली सहा चित्रकारांचं 'प्लेस फॉर पीपल' हे प्रदर्शन मुंबईत नि दिल्लीत झालं, त्यातले ते एक. कॅनव्हासवर पुन्हा माणूस आणायचा, त्याच्या गल्लीसकट आणायचा, असा त्यांचा आग्रह. २०१९-२० ला मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं आयुष्यभराचं काम मांडलं गेलं.

२००१ सालचं त्यांचं 'लोअर परळ' बघा. गिरण्यांचा मुलूख बदलत असतानाचं चित्र आहे. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप कागदोपत्री कधी मिटलाच नाही, गिरण्या मिटल्या. जमिनीवर मॉल नि मनोरे आले. कामगार कल्याण, अंबरनाथ, विरारकडं फेकला गेला. ही फेकाफेक चित्रात आली, ती नीट पाहणाऱ्या डॉक्टरच्या हातून. माझ्या वडलांच्या छातीचे फोटो अजून घरी गादीखाली आहेत, कापसाची धूळ भरलेली फुप्फुसं. म्हणून आतलं बघायची सवय असलेल्या माणसानं रस्त्यावरचा माणूस कसा रंगवला असेल, याचं मला कुतूहल वाटलं. माणसं दयेची नाहीत. हाडापेरानं मजबूत, आपल्या कामात. हे मला पटलं.

पण एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे, आणि पटवर्धनही ती लपवत नाहीत. ते बघणारे आहेत, आपण बघितले जाणारे आहोत. मध्यमवर्गातला प्रामाणिक माणूस खिडकीतनं जितकं बघू शकतो तितकं त्यांनी पाहिलं. खिडकीच्या अलीकडचं आपण रंगवायचं होतं. साहित्यात हे आपण केलं. आपल्यावरच्या दयेच्या कथा बाजूला सारल्या नि स्वतः लिहिलं. चित्रात मात्र आपला उशीर झाला. शाईपेन स्वस्तात मिळतं, कॅनव्हास नाही मिळत.

६.

आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातली वारली चित्रंही ह्याच हिशेबात धरा. (२०१४ पासून तो भाग पालघर जिल्ह्यात गेला.) लग्नाचा चौक भिंतीवर तांदळाच्या पिठानं सवासिनी बाया लिहीत. बायाच. भास्कर कुलकर्णी यांनी तिथं कागद नेला आणि गंजाडचे जिव्या सोमा मशे जगभर गेले. १९७६ चा राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ चं पॅरिसचं मोठं प्रदर्शन, २०११ ला पद्मश्री. माणूस खरोखर मोठा होता, २०१८ साली गेला. पण चौक लिहिणाऱ्या त्या बायांची नावं कुठंत? आणि आता वारली माणसं कपावर, पडद्यावर, सरकारी भिंतींवर नाचताहेत. त्याचे पैसे पाड्यावर किती पोचतात?

मध्य प्रदेशातले जनगढ सिंह श्याम यांची गोष्ट तर काळजाला लागते. पाटनगढचा गोंड तरुण, भोपाळच्या भारत भवननं पुढं आणलेला, विलक्षण हाताचा. २००१ साली जपानमधल्या एका संग्रहालयात चित्रं काढायला गेला. घरी परत यायचंय अशी पत्रं त्यानं लिहिली. तिथंच त्यानं गळफास घेतला. आशियातली कलेची देवाणघेवाण म्हणतात ती कुणासाठी उत्सव असते नि कुणासाठी परमुलखातली पाळी.

७.

तरीही आपली माणसं येताहेत. नागपूरचे सवी सावरकर, जन्म १९६१, यांनी छापचित्रांत पेशवाईतला अस्पृश्य आणला, गळ्यात मडकं नि पाठीला झाडू. देवदासी आणली. सुंदर दिसायचं नाही असं ठरवून काढलेली रेघ आहे ती. प्रभाकर कांबळे यांनी मडक्यांवर मडकी रचून 'उतरंड' केली, २०२२ च्या बर्लिन द्वैवार्षिकात ती मांडली. बाबासाहेबांनी सांगितलेली पायरीपायरीची विषमता जर्मन माणसाला शब्दाविना कळली असेल. त्याच प्रदर्शनात मयुरी चारी यांनी शेणाच्या गोवऱ्यांतनं बाईच्या अंगाबद्दल बोललं. राज्यश्री गुडी यांनी पंचगव्यानं भरलेले १०८ पेले मांडले. १९२७ च्या महाडनंतर सवर्णांनी १०८ घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं होतं, त्याचा हा जाब. विक्रोळीत वाढलेले विक्रांत भिसे पँथरचा काळ रंगवताहेत.

म्हणजे खिडकीच्या अलीकडचं चित्र आलं. मात्र ते पोचलं कुठं? बर्लिनला, दिल्लीच्या कला मेळ्यात, २०२३ पासून महालक्ष्मी रेसकोर्सवर भरणाऱ्या आर्ट मुंबईत. उल्हासनगर कॅम्पात 'उतरंड' कुणी पाहिली? ह्या कलावंतांना बोल लावू नका. चित्रकारालाही चूल आहे, विकलं तर पेटते. पण फक्त बाजारच त्यांचा मांडव झाला तर २०१४ ला ग्वांगजूत झालं ते इथंही होईल. बाजार आपला राग विकत घेतो, भिंतीवर लावतो आणि दिवा मालवून जेवायला जातो.

म्हणून मोर्चावाल्या दोस्तांना माझं सांगणं एवढंच. चार कामं आहेत, चारही आपल्या आवाक्यातली.

एक, प्रत्येक विहारात, अभ्यासिकेत एक भिंत चित्रांसाठी राखा. आपल्या चित्रकारांना बोलवा. मूळ चित्र नाही मिळालं तर छाप मागा. दर महिन्याला बदला.

दोन, आपापल्या वस्तीतले बोर्ड पेंटर, पुतळे घडवणारे, विहार रंगवणारे, जयंतीचे देखावे करणारे यांची नावं लिहून काढा. वय झालेत, चालले. कुणी काय केलं, कुठल्या साली केलं, विचारा. कान्हेरीच्या लोहाराला दगड मिळाला, ह्यांना निदान वही मिळू द्या.

तीन, ठसा शिका. लिनोचा तुकडा नि कोरणी, एवढाच खर्च. आपलं हे मासिक सायक्लोस्टाइलवर निघतं. स्टेन्सिलवर टोकानं ओरखडा काढला की रेघ उमटते, हे आपल्या पोरांना माहीत आहे. लू शुनच्या तेरा पोरांपाशी याहून जास्त काय होतं?

चार, आणि हे सगळ्यात तातडीचं. महापालिकेच्या शाळांतनं चित्रकलेचे शिक्षक कमी होताहेत का, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला आपली पोरं बसतात का, हे पाहा. २०२३ साली जे. जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आता तिथली फी किती, राखीव जागा पुऱ्या भरतात का, शिष्यवृत्ती वेळेवर मिळते का, हे दरवर्षी जाऊन विचारणं विद्यार्थी आघाडीचं काम आहे. मोटारी पुसणारा आरा कुणाच्या तरी कृपेनं चित्रकार झाला. आपल्याला कृपा नको. जागा पाहिजे.

जहांगीरला जायला तिकीट लागत नाही, हेही सांगून ठेवतो. पुष्कळांना वाटतं लागतं. येत्या सुट्टीला कल्याणहून दहाजणांनी निघू या. चित्रापुढं उभं राहून मोठ्यानं बोलू या, आवडलं तर आवडलं, नाही तर का नाही. भिंतीवरच्या चित्राबद्दल बोलायचा हक्क आपल्या आज्यांनी छप्पन सालीच बजावलाय.

जयभीम.